पांढरी अळी दिसली? आधी पाय मोजा

कुजलेला ओंडका हलवावा, खालचा ओला भुसा काठीने उकरावा आणि अंगठ्याएवढी जाड, पांढरीफटक अळी अंग वळवून पडलेली दिसावी. बहुतेक घरांत यापुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ई! मार तिला!" इथे कुंभकोणमला ते तमिळमध्ये येतं, एवढाच फरक. चप्पल मात्र तितक्याच वेगाने उचलली जाते.

हल्ली चपलेआधी मोबाइल बाहेर येतो, हे त्यातल्या त्यात बरं. फोटो काढायचा, ॲपला दाखवायचा किंवा घरच्या ग्रुपवर टाकायचा. ॲप सांगतं, "भुंग्याची अळी." ग्रुपवरचे काका सांगतात, "हुमणी आहे, जाळून टाक." ॲपचं उत्तर बरोबर असतं, पण त्याचा उपयोग शून्य. भुंग्यांच्या जाती लाखांत मोजतात. त्यातला एखादा तुमचा माड मारू शकतो आणि एखादा तुमच्या बागेचं खत करून देतो. काकांचं उत्तर उपयोगी वाटतं, पण ओंडक्याच्या बाबतीत ते बहुधा चुकीचं निघतं.

म्हणून या वेळी लाकडातल्या अळ्या ओळखायच्या कशा, ते पाहू. भिंग लागत नाही. एक चमचा, एक पांढरी ताटली आणि थोडं धाडस पुरे. या अळ्यांना विष नसतं आणि त्या डंखही मारत नाहीत. मोठी अळी जबड्याने चिमटा काढू शकते, म्हणून बोटांऐवजी चमचा.

ताटलीत घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पाय मोजणं. डोक्याच्या अगदी मागे, छातीच्या भागाला पाय असतात. तिथे तीन जोड्या, म्हणजे सहा पाय दिसतात की एकही दिसत नाही, यावरच अर्धी ओळख होते. पोटाखालीही मांसल, बुटके पाय असतील तर ते सुरवंटासारखं काहीतरी आहे, म्हणजे पतंगाचं पिल्लू. त्याला आज बाजूला ठेवू.

सहा पायांची, वळलेली

सहा पाय, शरीर 'सी' अक्षरासारखं वळलेलं, डोकं तपकिरी आणि शेपटीकडचा भाग फुगीर व काळपट. हे गाठोडं सगळ्यांच्या परिचयाचं. काळपटपणा आत साठलेल्या अन्नाचा असतो, घाणीचा किंवा रोगाचा नाही. दोन्ही कुशींवर ओळीने तपकिरी ठिपके दिसतात. ती तिची श्वासाची भोकं.

हुमणीही अशीच दिसते आणि घोटाळा इथेच होतो. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पांढरी वळलेली अळी म्हटलं की हुमणीच आठवणार, त्याचा दोष नाही. उभा ऊस मुळापासून सुकताना ज्याने पाहिला आहे, त्याला या आकाराची भीती वाटणारच. पण हुमणी जिवंत मुळं खाते. तिचं घर म्हणजे शेतातली माती, उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळांजवळ. तिचे भुंगे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून वर येतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. पडलेल्या ओंडक्याच्या पोटात, भुशात लोळणारी अळी बहुतेक वेळा दुसऱ्याच घरातली असते.

नारळाच्या प्रदेशात ते घर बहुधा गेंड्या भुंग्याचं. तमिळमध्येही त्याला गेंडाच म्हणतात, 'काण्डामिरुग वंडु'. वंडु म्हणजे भुंगा. शास्त्रीय नाव ऑरिक्टिस रायनोसेरॉस, म्हणजे तिथेही गेंडा. तीन भाषांनी एकाच शिंगाकडे बघून नाव ठेवलं. शिंग नर आणि मादी दोघांनाही असतं, नराचं जरा लांब. मादीच्या शेपटीकडे तांबूस केसांचा झुपका असतो.

या भुंग्याची गंमत अशी की त्याची अळी कुणाचंच काही बिघडवत नाही. ती मेलेलं लाकूड, शेणखत, उकिरडा, कुजलेला पालापाचोळा खाते. झाडाच्या जिवावर उठतो तो मोठा झालेला भुंगा. माडाच्या शेंड्यात शिरून तो न उमललेला कोवळा कोंब पोखरतो, तंतू चघळून रस पितो. त्या कोंबातून पुढे झावळी उमलते, तेव्हा तिच्या पात्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या दिसतात, दोन्ही बाजूंना 'व्ही'च्या आकारात. घडीच्या कागदाला कात्री लावून उलगडल्यावर जशी नक्षी होते, तसंच. मोठा माड हे सोसतो, पण नारळ कमी लागतात. लहान रोपाच्या वाढीच्या टोकापर्यंत भुंगा पोचला तर रोप जातं.

आमच्या गल्लीतल्या एका पाट्टींच्या परसात मला हे नीट बघायला मिळालं. पाट्टी म्हणजे आजी. इथल्या जुन्या घरांची परसं लांबच लांब असतात आणि तिथे विहिरीजवळ दोन-तीन माड असायचेच. त्यांचा एक म्हातारा माड वाळला होता. वरचा भाग कापला, पण खालचा पुरुषभर उंच बुंधा तसाच उभा राहिला. पाट्टी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायच्या. दहा पावलांवर त्यांनी स्वतः लावलेला कोवळा माड होता आणि त्याच्या प्रत्येक नव्या झावळीवर ती कात्रीची नक्षी. त्यांना वाटायचं, खत कमी पडतंय. आम्ही बुंध्याची साल पहारीने उचकटली तर आत ओला, चहापत्तीसारखा भुसा आणि त्यात लहानमोठ्या मिळून वीसेक अळ्या. पाट्टी बराच वेळ बघत राहिल्या. मेलेल्या झाडातले किडे जिवंत झाडाला काय करणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. बुंध्यातलं बाळ निरुपद्रवी आणि दहा पावलांवरचं त्याचं मोठेपण घातक, हे मला माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावता समजावता घाम फुटला.

हे एका परसाचं झालं. 16 नोव्हेंबर 2018 ला गज चक्रीवादळ नागपट्टिनम-वेदारण्यमच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्या तंजावर जिल्ह्यातला पट्टुकोट्टै-पेरावूरणीचा भाग म्हणजे माडांचं आगर, तिथे लाखो माड एका रात्रीत आडवे झाले. कोकणातल्या वाचकांना हे चित्र समजावून सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या माडा-पोफळींचं तेच केलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपलं. वादळ एका दिवसात जातं. पडलेले ओंडके उचलायला माणसं, करवती आणि पैसे लागतात, ते लगेच मिळत नाहीत. मग पावसात ते ओंडके आतून मऊ होतात आणि गेंड्या भुंग्याच्या मादीला यापेक्षा चांगलं बाळंतघर सापडणार नाही. एक मादी साधारण 50 ते 100 अंडी घालते. अंड्यापासून भुंगा व्हायला सहा महिन्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त काळ लागतो. म्हणजे वादळातून वाचलेल्या आणि नव्याने लावलेल्या रोपांवर दुसरं संकट येतं ते वर्षभरात, पहिल्या संकटाच्या कुशीतूनच.

तर ही अळी ओळखायची कशी? आधी आकार. पूर्ण वाढलेली अळी सरळ केली तर 6 ते 10 सेंटिमीटर भरते. शेतातली नेहमीची हुमणी त्याच्या निम्म्याच्या आसपास. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप कळतं. नाण्याशेजारी अळी वळलेल्या अवस्थेतही ऐसपैस दिसत असेल, डोकं गडद आणि खडबडीत असेल आणि सापडण्याची जागा माडाचा ओंडका किंवा शेणखताचा खड्डा असेल, तर संशय गेंड्यावर घ्या. मग शेपटीचं टोक बघा. गुदद्वाराची चीर आडवी, ओठ मिटल्यासारखी असते. हुमणीत ती बहुधा तीन फाटे फुटल्यासारखी दिसते, शिवाय त्या जागी राठ केसांची ठरावीक मांडणी असते. कीटकशास्त्रज्ञ त्या केसांवरून जात सांगतात. बाळाची ओळख पटवायला त्याचा पार्श्वभाग बघायचा हे जरा विनोदी आहे खरं, पण पद्धत पक्की आहे. चांगला फोटो हवा असेल तर अळीचे तीन काढा: कुशीवरून, डोक्याचा आणि शेपटीकडून. बहुतेक जण वरून एकच काढतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

जी पाठीवर चालते तिला जाऊ द्या

आता माझी आवडती चाचणी. अळी ताटलीवर ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. हुमणी किंवा गेंड्याची अळी कुशीवर पडून वळवळेल, फार तर फरफटत सरकेल. पण एखादी अळी चक्क पाठीवर उताणी होते, सहाही पाय आकाशाकडे करते आणि पाठीच्या स्नायूंच्या लाटांवर तुरुतुरु चालायला लागते! घरातल्या लहान मुलांना बोलवायची वेळ हीच.

ही फुलभुंग्याची अळी. तिचं डोकं शरीराच्या मानाने लहान, पाय आखूड, अंगावर बारीक केस. ती कुजलेला पाला आणि लाकूड खाते आणि मागे सोडते त्या बारीक, कोरड्या गोळ्या. कुंडीत टाकायला त्या उत्तम. मोठा झालेला फुलभुंगा दिवसा फुलांवर, पिकलेल्या फळांवर दिसतो, कधी हिरवा झगमगीत, कधी तपकिरी ठिपक्यांचा. खताच्या खड्ड्यात ही अळी सापडली तर ती तिथे फुकट राबणारी मजूर आहे असं समजा. तिला मारणं म्हणजे आपलंच नुकसान.

सह्याद्रीच्या बाजूला राहत असाल किंवा जंगलात भटकायला जात असाल, तर वळलेल्या अळ्यांमध्ये आणखी दोघी भेटतील. एक सांबरभुंग्याची. याच्या नराचे जबडे शिंगांसारखे पुढे आलेले असतात. याच्या अळीची शेपटीकडची चीर उभी असते, आडवी नाही. ती अगदी मऊ, ओल्या, बुरशी लागलेल्या लाकडातच राहते आणि जिवंत झाडाला तोंड लावत नाही.

दुसरीसाठी पुन्हा पाय मोजावे लागतील. चारच दिसतात! भुंग्याच्या अळीला चार पाय कसे? तिसरी जोडी असते, पण आक्रसून इवलीशी झालेली. त्या खुंटांनी ती पुढच्या पायाचा बुडखा खरवडते आणि आवाज काढते. हे कुटुंब, पॅसॅलिड भुंग्यांचं, कीटकांच्या जगात विरळाच. काळेभोर, चकचकीत, पाठीवर सरळ रेषा असलेले आई आणि बाप दोघंही पिल्लांबरोबर त्याच ओंडक्यात राहतात. लाकूड चावून त्याचा भुगा करतात आणि तो पिल्लं खातात. भुंगेही पंख आणि पोट घासून आवाज करतात. ओंडका कानाशी धरला तर क्वचित ही किरकिर ऐकू येते. कुणी ओंडका फोडला तर त्या घरातली आई, बाप आणि मुलं एकदमच उघड्यावर येतात. अशा वेळी लाकडाचा तुकडा होता तसा, त्याच बाजूने परत ठेवावा.

पाय नाहीतच?

मग ताटली बाजूला ठेवा आणि झाड बघायला जा. बिनपायाची अळी बहुधा बोगदे करणारी असते. भुशात लोळायला पाय लागतात, बोगद्यात अंग ताणून सरकता आलं की भागतं.

लांबट, फिकट पिवळी, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळती, अंगावर वळ्या पडलेली अळी म्हणजे लांब मिशांच्या भुंग्याची. आंब्याला लागते तिला कोकणात भिरूड म्हणतात आणि काजूचं खोड-मूळ पोखरते तिला रोठा. (श्रीवर्धनच्या सुपारीलाही रोठाच म्हणतात, तेव्हा 'बागेत रोठा आहे' या वाक्यावर कुणाचं अभिनंदन करण्यापूर्वी जरा विचारून घ्या.) भिरूड पडलेल्या लाकडातही सापडेल, पण काळजी तेव्हा करायची जेव्हा उभ्या, हिरव्या झाडाच्या भोकातून भुसा गळताना दिसतो.

माडातली बिनपायाची अळी वेगळी. ती बुटकी, मधे फुगलेली, जणू पाय नसलेलं लहान बटाट्याचं बाळ. ही सोंड्या भुंग्याची. तमिळमध्ये 'सिवप्पु कून वंडु', म्हणजे लाल कुबडा भुंगा, आणि भुंगा पाहिलात तर नाव किती चपखल आहे ते पटेल. गेंड्याशी त्याची तुलना केली तर सगळंच उलटं. इथे भुंग्यापेक्षा अळी घातक, आणि ती मेलेल्या नव्हे, जिवंत माडाला आतून खाते. बाहेरून माड धडधाकट दिसतो. खोडावर भोक, त्यातून तपकिरी चिकट स्राव, चघळलेल्या तंतूंचा चोथा अशा खुणा दिसल्या तर खोडाला कान लावा. आत कुरतडल्याचा आवाज येतो, हे जुने माळी सांगतात आणि संशोधकही. शेंडा कलंडेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

या दोघांचं नातंही आहे. गेंड्याने शेंड्यात केलेल्या जखमेतच सोंड्या अंडी घालतो. म्हणून पाट्टींच्या परसातल्या वाळलेल्या बुंध्याचं प्रकरण नुसतं कापलेल्या पात्यांपुरतं नव्हतं.

गेंड्याने किती लांबचा प्रवास केला हे वाचलं तर त्याच्याबद्दल थोडा आदरच वाटतो. 1909 मध्ये तो श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटावर पोचला आणि तिथल्या नारळाची दैना झाली. 1963 मध्ये आलोइस हूगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात या अळ्यांना मारणारा एक विषाणू सापडला. तो 1967 मध्ये सामोआत सोडला, तेव्हा कुठे भुंगे आटोक्यात आले. पण 2007 मध्ये ग्वाम बेटावर जे भुंगे पोचले त्यांना हा विषाणू फारसा बाधतच नाही. 2013 मध्ये गेंड्या हवाईतही दाखल झाला.

मग करायचं काय?

अळ्या वेचून मारणं हा उपाय झाला, पण अर्धा. कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे टाका, त्या मिनिटात फडशा पाडतात. खरा उपाय लाकडाचा आहे. मेलेला माड उभा ठेवू नका आणि पडलेला अखंड ठेवू नका. तो चिरून, फाकून उन्हात वाळवला की भुंग्याला हवा असलेला ओलावा जातो. जळणाला वापरता आला तर उत्तमच. पाट्टींनी बुंधा पाडून घेतला, फाका केल्या आणि त्या विहिरीजवळ उन्हात रचल्या. तांब्यासाठी आता दगड ठेवलाय.

शेणखताचा खड्डा अधूनमधून उलथवा, खाली अळ्या दिसतील. खड्डा मोठा असेल तर मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते. ती या अळ्यांना रोग लावून मारते आणि कृषी विद्यापीठं, कृषी केंद्रं तिची शिफारस करतात. रॉकेल किंवा तीव्र कीटकनाशक ओतणं मात्र टाळा. खड्ड्यातल्या गांडुळांसकट सगळंच मरेल आणि ते खत पुन्हा भाजीला जाणार आहे. कोवळ्या माडाच्या शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. नक्की प्रमाण आणि वेळ जवळच्या केंद्रात विचारा. कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळचं भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र, आमच्याकडे वेप्पंकुळमचं नारळ संशोधन केंद्र, आणि सगळ्यांसाठी केरळातली कासरगोडची संस्था आहेच. उभ्या माडात सोंड्याची शंका आली तर घरगुती प्रयोग करत बसू नका, लगेच माणूस बोलवा.

आणि माड जवळपास नसेल, लाकूड बागेच्या कोपऱ्यात पडलेलं असेल, अळी पाठीवर चालत असेल? मग ओंडका तिथेच राहू द्या. भारद्वाज पक्षी त्यावर फेऱ्या मारायला लागेल, तेवढीच करमणूक.

इतकं करूनही ओळख पटली नाही तर एक उपाय उरतो. तो फुकट आहे, पण चिकाटी लागते. मोठ्या बरणीत त्याच जागचा भुसा आणि लाकूड अर्ध्याहून वर भरा, अळी त्यात सोडा, भुसा दमट ठेवा, ओला गच्च नको. बरणी सावलीत, मुलांच्या नजरेसमोर ठेवा आणि दर आठवड्याला फक्त वरून बघा, उकरू नका. एक दिवस अळी दिसेनाशी होईल, म्हणजे ती कोषात गेली. मग काही आठवड्यांनी जे वर येईल त्याला शिंग आहे, सोंड आहे की हिरवी झळाळी, ते मुलंच ओरडून सांगतील. तोंडाला तारेची जाळी घट्ट बांधा, कापड नको. गेंड्या निघाला तर तो माडाचा कोंब पोखरतो, कापडाची काय कथा.